किटवाला घरत

मधुकर घरत प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला की त्याचं पहिलं वाक्य थापेचं असे. दुसरंही बहुधा थापेचंच असे, पण पहिल्याबद्दल मी शपथेवर सांगू शकते. "मॅडम, विमानतळावरून सरळ तुमच्याकडे. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही," असं तो कळवळून सांगे आणि त्याच्या मिशीच्या टोकाला मिसळीची तर्री चमकत असे. मी तिकडे बोट दाखवलं की तो रुमालाने मिशी पुसून म्हणे, "ही कालची." हे म्हणताना त्याचा चेहरा इतका निरागस असे की मिसळ आपणच खाल्ली असावी असं मला वाटू लागे.

थापा मारून त्याचा काही फायदा होत होता म्हणावं, तर तसंही नव्हतं. कामोठ्याहून खांदा कॉलनीत यायला उशीर झाला, तर रिक्षा मिळाली नाही एवढं सांगून भागलं असतं. पण घरतच्या कथेत रिक्षा मिळालेली असे, रिक्षावाल्याची बायको वाटेत बाळंत होत असे आणि मुलाचं नाव मधुकर ठेवायचं ठरत असे. अशाने पनवेल तालुक्यात त्याने कितीतरी मधुकर जन्माला घातले. स्वतः मात्र त्याने लग्न केलेलं नव्हतं. त्याचं कारणही तो दर वेळी वेगळं सांगे. एकदा तर त्यात एका मंत्र्याची भाची होती.

ही दोन हजार तीन-चार सालची गोष्ट. आमची प्रयोगशाळा एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होती. खाली लेडीज टेलर, वर दहावी-बारावीचे क्लास आणि मध्ये आम्ही, कारखान्यांच्या ट्रान्सफॉर्मरमधलं तेल तपासणारे. मालक होते सबनीस सर. सर पदवीने डॉक्टर होते आणि ही माहिती ते फोनवर 'हॅलो'च्याही आधी देत. त्यांच्याकडे गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं एक मोठं यंत्र होतं. तेलात काय काय मिसळलंय ते वेगळं करून मोजणारं. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार पडे. एसी फक्त त्याच्या खोलीत होता, आम्ही माणसं पंख्याखाली. यंत्राच्या खोलीत शिरताना सर चपला काढत आणि आम्हालाही काढायला लावत.

घरत एका परदेशी कंपनीची किट विकत असे. तेलात पीसीबी आहे की नाही हे तासाभरात सांगणारी किट. पीसीबी हे नाव वाचकांनी ऐकलं नसेल तर बिघडलं नाही, ज्यांनी ऐकायला हवं होतं त्या इंजिनिअर मंडळींनीही ते ऐकलं नव्हतं. ट्रान्सफॉर्मर पेटू नये म्हणून एके काळी त्याच्या तेलात हे रसायन घालत. पेटत नाही आणि वर्षानुवर्षं विरतही नाही, हा त्याचा गुण होता, आणि तोच पुढे आपल्या मुळावर आला. शरीरात शिरलं की ते चरबीत ठाण मांडून बसतं, यकृत बिघडवतं, कॅन्सरपर्यंत नेऊ शकतं आणि आईच्या दुधातून बाळाच्या पोटात जातं. जगाने ते बनवणं बंद केलं, पण जुन्या ट्रान्सफॉर्मरांत ते राहिलंच. शिवाय सगळ्या ट्रान्सफॉर्मरचं तेल एकाच पंपाने गाळायची आपली काटकसर, त्यामुळे ते चांगल्या तेलांतही पसरलं.

किटमधल्या काचेच्या नळीला आतून अँटिबॉडीचा लेप दिलेला असे. ही अँटिबॉडी सशाच्या रक्तातून काढतात हे घरतने पहिल्याच भेटीत मोठ्या अभिमानाने सांगितलं. सबनीस सर कट्टर शाकाहारी. ते दोन पावलं मागे सरले. "सशाच्या रक्ताने तेल तपासायचं? ही केमिस्ट्री आहे की जारणमारण?"

"सर, ससा मरत नाही," घरत म्हणाला. "रक्तदान करतो. त्याला नंतर बिस्किटपण देतात."

त्यातून ही अँटिबॉडी थंडाव्यात ठेवावी लागे आणि घरत ती थर्माकोलच्या ज्या खोक्यातून आणी, त्यातून त्याच्या आईने अनेक वर्षं पनवेलच्या बाजारात मासळी नेलेली होती. खोकं उघडलं की आधी बोंबलाचा वास येई आणि मग विज्ञान बाहेर पडे. सर नाकाला रुमाल लावून पंख्याचं बटण शोधत.

पण समजावून सांगण्यात घरतचा हात धरणारा मी पाहिला नाही. मी एमएस्सी झालेली, तरी या चाचणीतली खरी गोम मला त्यानेच गळी उतरवली. "मॅडम, ही नळी म्हणजे आमच्याकडची हळदीची पंगत. पाट मांडलेत, ते पाट म्हणजे अँटिबॉडी. आता दोन प्रकारचे पाहुणे येतात. एक तेलातलं पीसीबी. दुसरे आपणच सोडलेले, रंग आणणारे. पाट मोजकेच. तेलात पीसीबी असलं तर ते हावऱ्या व्याह्यासारखं आधी बसून घेतं. रंगवाले उभेच राहतात आणि नळी धुतली की पाण्याबरोबर बाहेर. मग रंग कुठून येणार? आणि पीसीबी नसलंच, तर रंगवाले ऐसपैस बसतात, नळी निळीशार." म्हणजे निळी नळी आली तर तेल स्वच्छ आणि नळी कोरी राहिली तर तेलात विष. हे उलटं गणित डोक्यात बसायला चांगल्या चांगल्यांना वेळ लागे. सबनीस सरांना ते शेवटपर्यंत बसलं नाही. "रंग येणं म्हणजे काहीतरी असणं, हे शास्त्र आहे," असं ते म्हणत आणि यंत्राकडे निघून जात.

आता मुद्द्याची गोष्ट. हा माणूस जगातल्या कुठल्याही विषयावर बिनदिक्कत खोटं बोले, पण नळीच्या बाबतीत नाही. मी एकदा त्याच्याबरोबर एका कारखान्यात गेले होते. तिथल्या विद्युत विभागाच्या साहेबांनी कुठून तरी ऐकलं होतं की नळी नीट धुतली नाही तर रंगवाले पाहुणे आतच रेंगाळतात आणि विषारी तेलालाही निळा रंग येतो. साहेब लाघवीपणाने म्हणाले, "घरत, पाणी जरा कमी वापरा ना. पाणीटंचाई आहे."

घरतने त्यांच्याकडे बघितलं. मग नळी धुतली. पुन्हा धुतली. शेवटी ती उलटी करून टिपकागदावर आपटली. "साहेब, खोटं बोलायचं असेल तर मला सांगा, मी लागेल तेवढं बोलतो. नळीला नका सांगू. तिला जमत नाही." ती ऑर्डर अर्थातच गेली. परतीच्या वाटेवर त्याने मला सांगितलं की त्या साहेबांनी खुश होऊन त्याला जेवायला बोलावलंय.

घरतचं गाव कामोठ्याच्या पलीकडे खाडीला लागून. वडील लहानपणीच गेले. आईने मासळी विकून आणि मामाने पाठीशी उभं राहून त्याला बीएस्सी केलं. हे मामा, बाळाराम मामा, भंगाराच्या धंद्यात शिरले होते आणि बरे वर आले होते. कारखान्यांचे जुने ट्रान्सफॉर्मर घ्यायचे, तांबं एकीकडे, पत्रा एकीकडे, आणि आतलं तेल पिंपांत भरून गावात विकायचं. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला आपल्याकडे डीपी म्हणतात, म्हणून हे 'डीपीचं तेल'. नारळी पौर्णिमेआधी होड्यांच्या तळाला ते चोपडलं की लाकडाला कीड लागत नाही, असा गावचा अनुभव. आणि होडीच्या लाकडाला जे मानवतं ते माणसाच्या गुडघ्याला का मानवू नये, असा पुढचा विचार. त्यामुळे गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या खाटेखाली डीपीच्या तेलाची बाटली होती. घरत आमच्याकडे, कारखान्यांत, कचेऱ्यांत पीसीबीवर प्रवचनं झोडत फिरायचा, आणि त्याच्या स्वतःच्या घरी काय चोळलं जातंय याचा विचार त्याच्या मनाला कधी शिवला नव्हता. जाणती माणसं घरी गेली की आपलं शहाणपण चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

एका श्रावणात मामांना एका मोठ्या कारखान्याचे जुने ट्रान्सफॉर्मर मिळाले. आधीचं तेल पिंपांत भरून झालं होतं, अजून बरंच यायचं होतं. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की हल्ली असल्या तेलावर सरकारी लोक हरकत घेतात. मामांनी भाच्याला हुकूम सोडला, लॅबच्या साहेबांना घेऊन ये आणि गावासमोर दाखव की माझं तेल चोख आहे. घरतला वाटलं, फुकटात जाहिरात होईल. सबनीस सरांना वाटलं, या मामांच्या ओळखीने त्या कारखान्याचं सगळं काम मिळेल. सर कोट घालून आले. मी सामान घेऊन आले.

मामांच्या वखारीपुढे मांडव घातला होता. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मध्ये टेबल, टेबलावर प्लॅस्टिकचं फुलाफुलांचं कापड. सरांना नारळ मिळाला. घरतची आई बायकांत पुढे बसली होती. गुडघे दुमडत नव्हते म्हणून तिच्यासाठी स्टूल आणलं होतं. घरतने मामांच्या पिंपातलं तेल घेतलं, शेजारी तुलनेसाठी आमचं स्वच्छ तेल घेतलं. तेलात सरळ अँटिबॉडी काम करत नाही, म्हणून आधी द्रावण घालून हलवून तेलातलं जे हवं ते द्रावणात उतरवायचं, मग त्याचे थेंब नळीत. मग थांबायचं. पोहे आले, चहा झाला. घरतने नळ्या धुतल्या, शेवटचं रंगाचं द्रव्य घातलं आणि दोन्ही नळ्या उभ्या केल्या.

आमच्या तेलाची नळी बघता बघता निळी झाली. मामांची कोरीच राहिली.

मामा उठले आणि त्यांनी कोरी नळी उचलून चारी बाजूंना फिरवली. "बघा! माजं तेल पान्यासारखं साफ! आनि या लॅबवाल्यांचं बघा, निलंकालं इख!" मांडवात टाळ्या पडल्या. एक म्हातारा मान डोलवून म्हणाला, "इख निलंच असतं. शंकराचा गला बघा ना." समुद्रमंथनाच्या साक्षीपुढे सशाचं रक्त उभं राहणार कुठून?

घरतने नुसतं गप्प बसायचं होतं. आयुष्यात मारलेल्या सगळ्या थापांत ही सगळ्यात सोपी थाप होती, हिला तोंडसुद्धा उघडायला नको होतं. मामा खूश झाले असते, सरांना काम मिळालं असतं, गावाने त्याला खांद्यावर घेतलं असतं. मी त्याच्याकडे बघत होते. तो नळीकडे बघत नव्हता. आईकडे बघत होता.

"आये," तो म्हणाला, "त्या बाटलीतलं तेल कवापासून लावतेस?"

"बरीच वरसं जाली की," ती म्हणाली. "तुज्या मामाची माया. संपायच्या आधी नवी बाटली धाडतो."

घरतचा चेहरा पार उतरला. असा चेहरा मी त्याचा आधी पाहिला नव्हता. त्यात नाटक नव्हतं म्हणून तो ओळखूच येईना. तो मामांकडे वळला आणि ऑफिसात कधी न बोललेल्या भाषेत म्हणाला, "मामा, उलटं हाय. ज्या नलीला रंग नाय, तिच्यात इख हाय. तुजं तेल इखारी हाय. होड्यांना लावू नका, अंगाला तर नकोच नको."

सगळा मांडव हसला. मागून एक जण ओरडला, "मधू, परवा बोल्लास ना, मंत्र्याच्या मांडीला मांडी लावून इमानात बसलास?"

"ते खोटं व्हतं," घरत म्हणाला. "हे खरं हाय."

"दोन्ही एकाच तोंडानं बोल्लास ना!"

मामा हसत नव्हते. वर्षानुवर्षं ज्याला पोसलं तो पोर आपल्याच मांडवात आपल्याला विषारी म्हणतोय, हे त्यांना सोसवेना. ते सरांकडे वळले. "साहेब, तुमी डाक्टर. तुमी बोला."

सरांनी कोटाचं बटण लावलं. त्यांना गणित उलटं असल्याचं तोवर मी कानात सांगितलेलं होतं. ते घसा खाकरून म्हणाले, "हे पाहा, किट ही प्राथमिक स्वरूपाची चाचणी आहे. केवळ तिच्या आधारे निष्कर्ष काढणं शास्त्राला धरून होणार नाही." या वाक्यातला शब्द न शब्द खरा होता. इतकं सोवळं खोटं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

माझं डोकं भडकलं. मी उठून ओरडून सांगितलं की घरत म्हणतात तेच बरोबर आहे, कोरी नळी म्हणजे विष, हवं तर मोठ्या यंत्रावर तपासून देते. मामा शांतपणे म्हणाले, "ताई, तुमी नोकरीला यांच्याकडंच ना? मग साहेब बोल्ले ते आयका." सरांनी मला गाडीत बसायची खूण केली. नारळ त्यांनी बरोबर घेतला.

सोमवारी मी ते तेल यंत्रावर चढवलं. पीसीबी भरपूर निघालं. किटने सांगितलं तेच हार घातलेल्या यंत्राने सांगितलं, फक्त सावकाश आणि एसीत बसून. मी कागद सरांपुढे ठेवला. सरांनी तो वाचला आणि खणात टाकला. "ज्या नमुन्याचं शुल्क आलेलं नाही, त्याचा रिपोर्ट जात नाही." मी दुसरी प्रत काढली आणि दुपारच्या सुट्टीत स्वतः त्या कारखान्यात जाऊन तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती गंभीरपणे घेतली, म्हणजे तिच्यावर मीटिंगा सुरू केल्या. इकडे नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, होड्या वर ओढलेल्या, आणि मामांची पिंपं रोज एकेक उघडली जात होती.

मग घरतने जे केलं ते फक्त घरतच करू शकत होता. तो मासळी बाजारात जाऊन बसला. कोणाला काही सांगितलं नाही. नुसता कपाळाला हात लावून बसला. कोणीतरी विचारलंच. तेव्हा त्याने अगदी नाइलाजाने सांगितलं की उरणकडे एक्सपोर्टवाल्यांनी जर्मनीचं मशीन बसवलंय. मशीनला नाक हाय. डीपीचं तेल लावलेल्या होडीतली कोलंबी समोर आली की ते शिंकतं आणि सगला माल परत. आता गावाचं कसं होणार, या काळजीने त्याला झोप नाही.

बघता बघता गावातल्या सगळ्या होड्यांचे तळ खरवडून निघाले. ज्यांनी तेल घेतलं होतं त्यांनी ते मामांच्या दारात आणून ठेवलं. विषाला जे गाव हसलं ते शिंकेला घाबरलं. पीसीबी माशांच्या चरबीत साठतं हे खरंच आहे, म्हणजे थापेच्या तळाशी थोडं सत्य होतंच, पण ते कोणाला नको होतं. शेवटी कारखान्याच्या मीटिंगा संपल्या आणि कारखान्याने पिंपं जाळून नष्ट करण्यासाठी परत नेली. शिंकेची बातमी पसरल्यापासून त्यांना कोणी हात लावला नव्हता.

मी त्याला विचारलं, "घरत, खरं सांगितलंत तेव्हा कोणी ऐकलं नाही, आणि हे लगेच पटलं?"

"मॅडम, खऱ्याचा मला सराव नाही. कच्चं पडलं," तो म्हणाला. "खोट्याला हात बसलाय."

मामांनी त्याच्याशी बोलणं टाकलं ते कायमचं. बहिणीच्या घराचा उंबरठाही त्यांनी सोडला. भाऊबीजेला ताट वाढून म्हातारी दारात बसून राहिली, असं घरतने सांगितलं. त्यात एकही रिक्षावाला किंवा मंत्री नव्हता, म्हणून मी ते खरं धरलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो प्रयोगशाळेत आला आणि दारातून म्हणाला, "मॅडम, एक बाटली स्वच्छ तेल द्या." एवढंच. विमानतळ नाही, बाळंतपण नाही. मी घाबरून खुर्ची पुढे केली.

झालं होतं असं, की म्हातारी ऐकत नव्हती. खाटेखाली मामांची शेवटची बाटली अर्धी होती आणि ती रोज त्यातलं चोळत होती. विषाचं सांगितलं तर म्हणे, तू जलमापासून थापाड्या. शिंकणाऱ्या मशीनची तिला फिकीर नव्हती, तिच्या गुडघ्यांना एक्सपोर्ट व्हायचं नव्हतं. आणि बाटली फेकून द्यावी, तर भावाची म्हणून तेवढीच एक वस्तू तिच्याकडे उरलेली. "कशी काढून घेऊ हातातून?" असं म्हणून तो जमिनीकडे बघत राहिला.

तुलनेसाठी आम्ही औषधाच्या प्रतीचं पांढरं खनिज तेल ठेवत असू, बिनवासाचं, निरुपद्रवी. मी बाटली भरून दिली. त्याने ती हुंगली. "याला वासच नाही. ओळखेल ती." मग त्याने खिशातून कापराच्या वड्या काढल्या, चुरून बाटलीत टाकल्या आणि हलवत बसला. घरी जाऊन त्याने सांगितलं, मामा माझ्याशी बोलत नाय, पन तुज्यासाठी बाटली नाक्यावर ठेवून गेला. गुडघ्याला बरं म्हणून कापूर घातलाय बोलला.

पुढे कितीतरी वर्षं हे चाललं. दर महिन्याला तो यायचा, बाटली न्यायचा, कापूर घरून आणायचा. मी विचारायचे, "आईला फरक आहे?"

"आहे ना," तो म्हणे. "बोलते, मामाचंच तेल गुणाचं." आणि मग अगदी खुशीत येऊन एखादी जुन्या वळणाची थाप सोडी.

अशातच एका सकाळी तो कळंबोलीच्या नाक्यावर मोटरसायकल बाजूला घेऊन थांबला, आणि कोसळला. हृदय बंद पडलं. पन्नाशीही झाली नव्हती. त्याच्या कंपनीतून फोन आला तेव्हा सबनीस सरांनी आधी विचारलं, "बातमी खात्रीची आहे ना?" मला सरांचा इतका राग कधी आला नव्हता, आणि तरीही, खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं होतं. मग मी यंत्राच्या खोलीत जाऊन दार लावून रडले. चपला घालून गेले होते.

दिवसकार्य झाल्यावर मी त्याच्या घरी गेले. म्हातारी ओट्यावर पाय पसरून बसली होती. मला तिने लगेच ओळखलं. शेजारी बसवलं, पाणी दिलं, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "गो बाय, तो तेल कुठनं आनायचा? तुज्याकडनं ना?"

मी म्हटलं, "ते... मामा पाठवायचे ना."

"माजा भाव कापूर घालील?" ती म्हणाली. "देवापुढं लावतो तो पन चिमटीनं मोडून."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्याच दिवशी." तिने पदराने तोंड पुसलं. "पोरगा जलमभर फुकटच्या थापा मारायचा. त्यांना काय मेहनत लागत नसं. पन या एका थापंसाठी कापूर चुरला, बाटली आनली, यवढी पायपीट? तवा समजली मी. मांडवात बोल्ला ते खरं व्हतं. भावाची बाटली त्याच रातीला फेकली."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"सांगून काय करू? त्याला वाटायचं, आयेला वाटतंय भाव अजून माया करतो. त्याला बरं वाटायचं. मंग मना पन बरं वाटायचं."

तिने खाटेखालून रिकामी बाटली काढून माझ्या पिशवीत घातली.

पुढच्या महिन्यात मी बाटली भरली, कापूर चुरून घातला, आणि घेऊन गेले. ओट्यावर शेजारच्या दोन बायका निवडण-टिपण करत बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "काय आनलंस गो ताई?"

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. आजवर मी एकही रिपोर्ट चुकीचा दिलेला नाही, सरांशी त्यावरून किती भांडले आहे त्याला गणती नाही.

"मामांनी पाठवलंय," मी म्हटलं. "यांच्या गुडघ्यांसाठी."

म्हातारीने झाकण उघडून वास घेतला आणि बाटली शेजारणीच्या नाकाशी धरली. "बघ," ती म्हणाली, "हाय का नाय माया?"